मावशींचा करंज

माझ्या बायकोच्या मावशींना माणसांपेक्षा झाडांची प्रकृती जास्त कळते, असं मी म्हटलं तर अख्ख्या पंचवटीत कुणी वाद घालणार नाही. उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेच्या उघड्याबोडक्या मैदानावर त्यांनी आपला नवा वॉर्ड थाटला. झाडाच्या खड्ड्याला त्या ‘कॉट’ म्हणत. “कॉट नंबर चारला आज जरा बरं वाटतंय,” असं भाजी घेताघेता सांगत आणि भाजीवालीही “बरं झालं बाई” म्हणून मान डोलवायची.

मुख्याध्यापकांचा आधी विरोध होता. मुलांना खेळायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मावशी वाद घालत बसल्या नाहीत. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटायच्या वेळी, ऐन उन्हात, त्या रोज मैदानात छत्री उघडून उभ्या राहू लागल्या. पाचव्या दिवशी सर घाम पुसत त्या छत्रीखाली आले आणि “कडेकडेने लावा,” एवढंच म्हणाले. मग मावशींनी गल्लीला कामाला लावलं. प्लंबरने पाइप जोडून दिला, गुरुजींनी पूजेतली फुलं खतासाठी दिली आणि प्रत्येक घराला एकेक झाड नेमून देण्यात आलं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं आणि आपल्या झाडाला घालायचं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांनाही त्या आधी विचारत, “येताना पाणी आणलंत का?”

माझ्या वाट्याला कॉट नंबर सात आली, एक करंज. रोप असताना त्याला शेळीने चावलं होतं. मावशींनी जुन्या साडीची चिंधी गुंडाळून ते वाचवलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. त्याच सुमारास मी घोटीला एका लग्नाला गेलो, चार दिवस रमलो आणि परत येऊन पाहतो तर करंज वाळून काडी झालेला. संध्याकाळी मावशींचा फोन.

“सात नंबर कसा आहे, जावईबापू?”

“मजेत,” मी म्हणालो. “दोन पानं नवीन आलीत.”

मग रोज तोच प्रश्न आणि रोज माझी नवी पानं. महिनाभरात मी फोनवर एक डेरेदार वृक्ष उभा केला. शेवटी नर्सरीतून जुन्याच्याच उंचीचा करंज आणून गुपचूप त्या खड्ड्यात लावला.

मावशी परतल्या त्या काठी टेकत थेट मैदानावर. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीनेच बुंध्याजवळची माती बाजूला केली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“शेळीचा व्रण कुठे आहे?”

मी चपलेने ती माती परत बुंध्याशी सारू लागलो.

“कधी गेला तो?”

“तुम्ही गेलात त्याच आठवड्यात.”

“मग सांगायचं होतंत. मी रडले असते, दुसरं काय.”

आणि शाळेच्या भिंतीला टेकून त्या खरंच थोडं रडल्या. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “या नव्याचा काय दोष? त्याला पाणी घाला.”

आता त्यांना फारसं चालवत नाही. रविवारी रिक्षा फाटकाशी थांबते, मावशी आतच बसतात आणि मी एकेका झाडाची हकीकत सांगतो. कीड लागली असली तर तसं सांगतो, फांदी मोडली असली तर तेही. त्या डोळे मिटून ऐकतात. परवा निघताना म्हणाल्या, “एक नंबरला सांगा, पाय बरा झाला की येते.” मी आत गेलो, एक नंबरच्या कडुनिंबापाशी उभा राहिलो आणि मला पुन्हा खोटं सांगवलं नाही.