सुकटीची अट

दिवसभर सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये हेल्मेट घालून हिंडले की संध्याकाळी मला कुणाशी बोलायची ताकद उरत नाही. पण सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये पाय टाकला की माई फोन पुढे करायची. “लाव तिला.”

माई म्हणजे माझी आई. आणि ‘ती’ म्हणजे जव्हारच्या बाजूच्या आमच्या वसतिगृहात शिकलेली वारली मुलगी, आता तिथल्याच शाळेत बाई आहे. माझ्या वडिलांनी गुरूंच्या आज्ञेवरून आमच्याच घरात आदिवासी मुलींसाठी ते वसतिगृह काढलं होतं. सेवा हीच उपासना, असं ते म्हणायचे. उपासना त्यांची आणि भाकऱ्या माईच्या. सगळ्या मुली तिला माई म्हणायच्या, म्हणून मीही माईच म्हणायचं, नाहीतर मुलींना परकं वाटेल, असा घरचा नियम. ताप आला तरी मी त्यांच्याच रांगेत निजायचे. मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

वडील गेले, माईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी तिला इथे आणलं. गुडघे बरे झाले की परत जाणार, असं ती म्हणायची. वसतिगृह बघायला घरचं कुणी उरलं नाही. जूनमध्ये ते उघडणार की कायमचं कुलूप लागणार, एवढाच प्रश्न होता. ती मुलगी चालवायला तयार होती. तिची अट एकच: आठवड्यातून एकदा सुकट शिजणार.

कुणाला हसू येईल. पण आमच्याकडे अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीवरून मुली परतल्या की माई दारातच त्यांच्या पिशव्या उघडायची आणि घरून दिलेली सुकी मासळी कुंपणापलीकडे टाकून द्यायची. मग मुलींच्या अंगावर तुळशीचं पाणी शिंपडून त्यांना पोटाशी धरायची. हे सगळं ती मनापासून, मायेने करायची. म्हणून तर तिच्याशी भांडता येत नसे.

“देवाच्या घरात मासळी? त्यापेक्षा बंद पडू दे,” माईचं ठरलेलं उत्तर. “ताई, तुम्ही तरी समजवा,” पलीकडून ती. “तू तरी सांग तिला,” अलीकडून माई. मला दोघींचाही वीट आला होता. “आजी, लेट देम ईट लाह!” माझी मुलगी आतल्या खोलीतून इथल्या इंग्रजीत ओरडली, तेव्हा माई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग एका शनिवारी ती फोनवर शांतपणे म्हणाली, “माई, मी पाचवीत असताना तुम्ही माझी पिशवी रिकामी केलीत. आमच्या आयने पावसाळ्यासाठी ठेवलेली सगळी सुकट मला दिली होती. घरात मागे काही ठेवलं नव्हतं. मी तिला सांगितलं, सगळ्या मुलींनी मिळून खाल्ली. तिला अजून तसंच वाटतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर माईला उत्तर देणं सोपं गेलं असतं. माईने फोन जवळ ओढला.

“आय आहे तुझी?”

“आहे.”

“मग तिलाच घे स्वयंपाकाला. तिच्या हाताने शिजू दे.” आणि थोड्या वेळाने, “मी आता येत नाही तिकडे. माझ्यासमोर तुम्हाला घास उतरायचा नाही.”

सुटले एकदाची, असं मला वाटायला हवं होतं. सोमवारी सकाळी मी गळ्यात पास अडकवून बूट घालत होते, तर माई हातात फणी घेऊन बाहेर आली. “बस जरा. आता मला वेळच वेळ आहे. तुझी वेणी घालायला कधी जमलंच नाही.”

माझे केस मानेपर्यंत कापलेले, निम्मे पांढरे. कंपनीची बस चुकणार हे दिसत होतं. मी बुटांसकट तिच्यापुढे जमिनीवर बसले, आणि तिने फणी लावायच्या आधीच मला रडू फुटलं.