अमावास्येची भरती

समुद्रावर लिहिण्याचा मला खरं तर काही अधिकार नाही. मी तो अजून पाहिलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, चार पानं सलग लिहिण्याची सवय नाही, आणि ज्यांनी या अभ्यासात आयुष्य घातलं त्यांच्यापुढे माझं बोलणं म्हणजे आगाऊपणा वाटेल. त्याबद्दल आधीच माफी मागतो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या घरात समुद्रावरून जे झालं ते मला कोणाला तोंडी नीट सांगता आलं नाही, बोलताना मी अडखळतो, म्हणून लिहितो आहे.

मी चंद्रपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव सावली तालुक्यात, सगळी धानाची शेती. त्या वर्षी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, समुद्राची पातळी वाढते आहे असं शास्त्रज्ञ म्हणतात, त्यावर सामान्य माणसाने विश्वास ठेवावा का. पर्यावरण शिकवणाऱ्या सरांनी मला ‘ठेवावा’ या बाजूने उभं केलं. त्यांनी बसवून समजावलं. भरती-ओहोटी म्हणजे काय, दिवसातून दोनदा पाणी कसं येतं-जातं, अमावास्या-पौर्णिमेला ते सगळ्यात जास्त का चढतं. पातळी फार हळू वाढते, रोज बघणाऱ्याला ती कळत नाही, पण सखल जागी उधाणाच्या दिवशी आधी कळते, असं ते म्हणाले. मी सगळं पाठ केलं.

समोरच्या बाजूला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याने माझं एकही म्हणणं खोडलं नाही. त्याने फक्त विचारलं, “आमच्या मित्रानं समुद्र पाह्यला आहे का?” मी नाही म्हणालो. सभागृह हसलं. बक्षीस त्याला मिळालं, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर हॉस्टेलवर आला.

त्याच आठवड्यात मी गावी गेलो. ताईचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा मूळचा मूल तालुक्यातला, आमच्याच समाजाचा. आधी घुग्घुसच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यात होता, मग कंपनीने त्याला कोकणात, जिथे बोटीतून सिमेंट उतरतं तिथे पाठवलं. तिथेच खाडीकाठी त्याने घर घेतलं, आई-वडिलांना नेलं. हे स्थळ मोठ्या बाबांनी आणलं होतं. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे आणि आमच्या घरात तर त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

मुलाचं घर पाहायला मोठे बाबा, वडील आणि आणखी दोघं जाऊन आले होते. आमच्याकडे घर पाहायला पुरुष जातात. मुलगी लग्न होऊनच त्या घरात पाय टाकते. मोठे बाबा खूश होते. घर पक्कं, नळाचं पाणी, मुलगा निर्व्यसनी. आणि समुद्राची भीती कोणी घालू नये, ते म्हणाले, कारण त्यांनी भर दुपारी घराच्या ओट्यावर उभं राहून स्वतः पाहिलं होतं. समोर नुसता चिखल. पाणी पार तिकडे, आपल्या गावातून बोडीची, म्हणजे तळ्याची, पाळ दिसते तितकं दूर.

मी विचारलं, तिथी कोणती होती. अष्टमी, वडील म्हणाले.

अष्टमीला पाणी सगळ्यात कमी हलतं, आणि त्या दिवशी भर दुपारी ओहोटी असते. सरांनी मला त्याचं चित्र काढून दाखवलं होतं. आणि लग्नाच्या कामाला आमच्याकडे अमावास्येला कोणी घराबाहेर पडत नाही. म्हणजे आमची माणसं कितीही वेळा गेली असती तरी अमावास्येचं पाणी त्यांना दिसलंच नसतं. आमच्यासारख्या नदीकाठच्या माणसाला पाणी वर्षातून एकदा, पावसात चढताना माहीत. रोज येऊन जाणारं पाणी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी हे बोललो, पण अर्धंच आणि चाचरत. मोठ्या बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, हे चार माणसांपुढे बोल. मुलाकडच्यांना पाडव्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली. होळी झाली होती, संध्याकाळी अजून बाहेर बसवत होतं. धानाच्या मिलवाले भाऊही आले होते. त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ होता. त्यात कोणी सांगत होतं की समुद्र वाढतो वगैरे सगळं बाहेरच्या देशांनी आपले कारखाने बंद पाडायला काढलेलं आहे. तो सगळ्यांनी पाहिला. कोणीतरी म्हणालं, समुद्राले आपल्या गावी याचं असंन तर सावलीच्या फाट्यावर बस बदलावी लागन. हशा झाला. मीही हसलो, हसायला नको होतं.

मग मी उभा राहिलो. धानाच्या बांधीचं, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याचं, उदाहरण दिलं. सपाट बांधीत पाणी चार बोटं वर चढलं तर आडवं किती पसरतं, तसंच खाडीच्या सपाट काठावर होतं, असं काहीतरी. कोणी मध्येच म्हणालं, मग बांधीले घालतो तसा धुरा बांधून टाकाचा. मी गोंधळलो. माझा आवाज खाली गेला.

मोठे बाबा म्हणाले, “मले एक सांग. ते घर बुडंन का नाई बुडंन?”

मी म्हणालो, असं एका शब्दात सांगता येत नाही. शक्यता वाढत जाते.

“म्हणजे तुले माहीत नाई.”

“माहीत आहे, पण…”

“हवामानवाल्यांनी मागच्या साली पाऊस सांगतला. लोकाइनं परे उपटून ठेवले अन् आठ दिवस थेंब नाई. त्याइले उद्याचं सांगता नाई येत, अन् तू मले पन्नास वर्साचं सांगून राह्यला?” त्यांनी आवाज चढवला नव्हता. “मी माह्या डोयानं पाहून आलो. तू पाह्यला का समुद्र?”

पुन्हा तोच प्रश्न. रोपं वाळलेली मीही पाहिली होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. उद्याचा पाऊस सांगणं आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून पाण्याचा कल सांगणं ही वेगळी कामं आहेत, हे मला माहीत होतं. पण ते त्या वेळी जिभेवर आलं नाही. मी खाली बसलो.

खरी भीती वेगळीच होती. माझ्या बोलण्याने स्थळ मोडलं आणि मी चुकीचा निघालो तर त्याचा भोग ताईला. मी गप्प राहिलो आणि बरोबर निघालो तरी ताईलाच. ताईला मुलगा पसंत होता. फोनवर बोलताना ती कशी हसायची ते मी ऐकलं होतं.

घरी आलो तर ती चुलीपाशी भात काढत होती. बैठकीत काय झालं ते तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

“तुले काय वाटते ते सांग,” ती म्हणाली. “पुस्तकातलं नको सांगू.”

मी म्हणालो, मला भीती वाटते. आणि खात्री नाही. अमावास्येला पाहिल्याशिवाय कोणालाच खात्री देता येणार नाही.

तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. मग तिथेच बसून मुलाला मेसेज पाठवला: अमावास्येले पाणी कुठवर येते? उत्तर लगेच आलं नाही. माझं जेवण होऊन गेलं, तिने भांडी घासून ठेवली. मग फोन वाजला. त्याने एवढंच लिहिलं होतं, ‘येऊन पाहा.’

ते दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तो लपवत होता की खरं सांगत होता, मला कळेना. ताईला कळलं असावं.

सकाळी मोठे बाबा आमच्याकडे आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर सांगितलं की ती स्वतः घर पाहायला जाणार, आणि अमावास्येला जाणार. फाल्गुनाची अमावास्या, पाडव्याच्या आदल्या दिवशीची. आई हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. मोठे बाबा आधी हसले, मग त्यांचा चेहरा बदलला. मुलीने घर पाहायला जायचं, तेही अमावास्येला. समाजात तोंड कसं दाखवायचं, त्यांनी शब्द दिला आहे त्याचं काय. ते वडिलांकडे वळले आणि म्हणाले, “कॉलेजात पोराले शिकवलं, अन् हुशार झाली पोरगी.” त्यात टोमणा होता.

“राहाचं मले आहे न तिथी, मोठे बाबा,” ताई म्हणाली. “तुम्ही तर पाहून वापस आले.”

वडील कमी बोलतात. ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि म्हणाले, तिकीट काढतो. मोठे बाबा न जेवता घरी गेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मोठ्या बाबांनी आमच्या घरी येणं बंद केलं. आई माझ्याशी नीट बोलेना. गावातल्या मुलांनी माझं नाव ‘भरती’ ठेवलं. मी रस्त्याने निघालो की कोणी तरी ओरडायचं, पाय वर घ्या बावा, भरती येऊन राह्यली. मी कॉलेजला परत गेलो. सरांना सगळं सांगितलं तर ते काळजीत पडले. म्हणाले, एका अमावास्येचं पाणी पाहून पातळी वाढली की नाही हे सिद्ध होत नसतं, हे घरी सांगितलंस का? मी सांगितलं नव्हतं. घरी कोणाला सिद्ध करायचं होतं? ताईला त्या घरात झोपता येईल का, एवढंच पाहायचं होतं. तरी सरांचं खरं होतं, आणि मी अजून घाबरलो. समजा त्या दिवशीही पाणी दूरच राहिलं तर? मोठ्या बाबांचं बरोबर ठरेल, ताई त्या घरात जाईल, आणि पुढे कधी पाणी आलं तर पुन्हा कोणी विचारायचंही नाही.

गाडी चंद्रपूरवरून होती. मी स्टेशनवर गेलो. ताई आणि वडील बाकावर बसले होते, आईने पिशवीत पोळ्या आणि वर एक लिंबू ठेवलं होतं. गाडी यायच्या थोडं आधी जिन्यावरून मोठे बाबा उतरले. धोतर धुतलेलं, हातात थैली. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, “मले खोटं पाडाचं असंन तर माह्या समोरच पाडा.” आणि ताईपासून जरा अंतर सोडून बसले.

अमावास्येच्या दिवशी माझी रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. फोन बाहेर बॅगेत. भरती साडेबाराच्या सुमाराला होती, मी आधीच पाहून ठेवलं होतं. माझ्यासमोर ब्युरेटमधून थेंब पडत होते आणि रंग कधी बदलला ते मला कळलंच नाही. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. बाहेर आलो तर एकही कॉल नव्हता. ताईचा फोन बंद. वडिलांचा लागेना. मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी त्याला काय विचारणार होतो. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहिलो. ऊन भयंकर होतं. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, आणि तिकडेही नसणार. पाऊस नसताना पाणी घरात येऊ शकतं असं मी ज्यांना सांगितलं होतं ती माणसं आता तिथे बसली होती.

ऊन उतरल्यावर फोन वाजला. नंबर वडिलांचा, आवाज मोठ्या बाबांचा. त्यांनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता.

“बाबू,” ते म्हणाले, आणि थांबले. मागे कोणीतरी बादली ओतत होतं. “आम्ही ओट्यावर समुद्राकडं तोंड करून बसलो होतो. पाणी समोरून आलंच नाई. मागून आलं. नालीतून. आम्हाले समजलं तवा तुह्या बाबाच्या चपला तरंगत होत्या.”

मी विचारलं, सगळे बरे आहात ना.

“बरे आहो. घंटाभरात गेलं. फोन भिजला तिचा. शेजारची बाई म्हणे, पयले पावसातच येत होतं, आता कोरड्यातबी येते. समुद्र वाढला का नाई ते मले नाई माहीत, ते तू पाहा. मी पाणी पाह्यलं तेवढं सांगून राह्यलो.”

मग ते हळू बोलायला लागले, बहुतेक बाजूला गेले असावेत. पोराने काही लपवलं नाही, ते म्हणाले. पाणी आत असतानाच त्याने ताईला सांगितलं की हे घर त्याने कोरड्या दिवसांत, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, आणि तिने नाही म्हटलं तरी त्याला राग येणार नाही. ताईने सगळ्यांसमोर सांगितलं, लग्न करीन, या घरात राहणार नाही. त्याची आई रडली. पोरगा पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून तसाच बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

“मंग?” मी विचारलं.

“आत्ता आला,” मोठे बाबा म्हणाले. “रस्त्याच्या वरच्या अंगाले, टेकाडावर दोन खोल्या पाहून आला. उद्या पाडवा आहे. मायले सांगजो, पोरीनं हो म्हटलं.”