गोळी विरघळेपर्यंत

माझी आई, सुनंदा, येलहंकातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. अफूसारखी नशा सोडणाऱ्यांना तिथे रोज एक गोळी जिभेखाली धरायला देतात. ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं. तेवढा वेळ आई शेजारी बसून मोडक्या कन्नडमध्ये एकटीच बोलते. घरचं, कामाचं विचारते, काल दांडी मारली म्हणून रागावतेही.

नव्या विश्वस्तांनी तिला काढलं. म्हणे, गुण गोळीचा, गप्पांना पगार कशाला? शहाणेच! थोड्याच दिवसांत निम्मी माणसं यायची थांबली. कितीतरी जण पुन्हा नशेकडे वळले, रुग्णालयात भरती झाले. त्या खर्चात आईचा वर्षाचा पगार सहज निघाला असता. शेवटी विश्वस्त स्वतः घरी आले, "अक्का, परत या" म्हणाले.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. बाकावर हरी हा कॅब ड्रायव्हर गोळी जिभेखाली धरून बसला होता. आईला पाहताच तो सरकला. मोकळ्या जागेवर विश्वस्त बसायला लागले, तर पठ्ठ्याने हात आडवा घातला आणि आईकडे बोट दाखवलं.