कमरेचा माईक आणि आमचा पत्ता

आमच्या घरात कोरा कागद विकत आणल्याचं मला आठवत नाही. पत्रकाची पुढची बाजू जगासाठी आणि मागची बाजू घरासाठी. मी वाचायला पुढच्या बाजूवर शिकले आणि गणितं मागच्या बाजूवर केली. त्यामुळे भागाकार चुकला की कागद उलटायचा, तर तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘ग्राहकांनो, जागे व्हा!’

पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. सुटीच्या दिवशी मात्र ते पत्रकवाले. पक्की पावती मागा, छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका, काटा बघून घ्या, असा त्यांचा साधा मजकूर. त्यांचं गाव पाचोडच्या शिवारातलं, म्हणून पाचोडचा आठवडी बाजार त्यांनी कधी सोडला नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. पत्रक आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, मगच हातात द्यायचं. न वाचता दिलेल्या कागदात लोक भजी बांधतात, आणि ऐकलेला कागद घरी नेतात, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम त्याहून कडक होता. प्रत्येक पत्रकाखाली आपलं नाव आणि घरचा पत्ता ठळक छापायचा. ‘ज्याच्याखाली पत्ता नाही ते पत्रक नव्हे, अफवा,’ असं ते म्हणायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचा आवाज बसला. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि सांगितलं, आता काही आठवडे मौन. त्यानंतर हळू बोला, पण ओरडणं कायमचं बंद. पुन्हा ओरडलात तर उरलाय तोही आवाज जाईल.

पहिले काही दिवस घर अगदी शांत होतं. आई म्हणाली, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं.” पप्पा हसले, आणि एका पाठकोऱ्या कागदावर लिहून त्यांनी तो आमच्यासमोर धरला. ‘मौन संपलं की पहिल्या बाजाराला पाचोडला जाणार. वाचणार.’

“ओरडल्याशिवाय त्या बाजारात कोण ऐकणार?” मी म्हणाले. “पप्पा, मी वाचते ना.”

त्यांनी लिहिलं, ‘तू वाचत नाहीस. भांडतेस.’

आईनं त्या कागदाखाली आपलं बोट टेकवलं आणि मान डोलावली. घरात बहुमत झालं.

आता प्रश्न एवढाच होता की पप्पांनी न ओरडता पाचोडच्या बाजारात कसं वाचायचं. भोंग्याला परवानगी लागते, आणि एका हातात भोंगा धरला तर पत्रक कुठल्या हातात धरणार? उत्तर सगळ्या शहराला आधीच सापडलेलं होतं. कमरेचा माईक. डब्याएवढं चपटं मशीन कमरेला पट्ट्यानं बांधायचं, त्यातून निघालेली तार कानावरून तोंडापाशी आणायची आणि साध्या आवाजात बोलायचं. दहा दुकानांपलीकडे ऐकू जातं. शिवाय त्यात आवाज भरून ठेवता येतो, मग मशीन एकटंच बोलत बसतं.

आधी हे मशीन फक्त शिकवण्या घेणाऱ्यांकडे होतं. मग बाजारात एकानं ते बांधून टोमॅटो विकले. शेजारच्याचे टोमॅटो तितकेच चांगले होते, पण ते मुके ठरले. पुढच्या आठवड्यात त्यानंही घेतलं. मग पलीकडच्यानं. मागणी काही आभाळातून पडत नाही, ती शेजाऱ्याच्या कमरेवरून आपल्या कमरेवर येते. बघता बघता कीर्तनकार, रिक्षा स्टँडवर सीट ओरडणारे, लग्नात पंगतीला वाढायला सांगणारे, सगळ्यांना ते हवं झालं. ऑनलाइन बघितलं तर ‘सध्या उपलब्ध नाही’. क्रांती चौकापासून गुलमंडीपर्यंत ज्या दुकानात शिरावं तिथे एकच उत्तर, माल संपला.

गुलमंडीतल्या एका दुकानदारानं मात्र मला दारातून परत बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाला, “अर्जंट होना क्या? एक-दो पीस हैं अंदर. वरून द्यावे लागतील थोडे. और बिल नक्को मांगो.”

“बिल नको म्हणजे? मी ज्या घरातून आलेय तिथे भेळेचीसुद्धा पावती मागतात.”

“तो फिर भेलच खाव, बेटा,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी तिथून निघाले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. ज्या माणसानं उभी हयात ‘छापील किमतीपेक्षा एक पैसा जास्त देऊ नका’ हे वाचण्यात आवाज घालवला, त्याचा आवाज वाचवायला मी तोच पैसा टेबलाखालून द्यायचा? माल खरंच कमी असेल तर तो सगळ्यांना कमी असतो. पडद्यामागे ठेवलेल्या मालाला टंचाई म्हणत नाहीत, त्याला दुसरं नाव आहे. मी घरी आले आणि पत्रक लिहून काढलं. वर मोठ्या अक्षरांत, ‘कमरेचा माईक हवा आहे?’ मध्ये बारीक अक्षरांत माझा सगळा संताप. खाली पुन्हा ठळक, ‘छापील किमतीत! पक्क्या पावतीसह!’ आणि त्याखाली, आमच्या घराण्याच्या नियमाप्रमाणे, पूर्ण पत्ता.

दोन दिवस मी ते गुलमंडीत, भाजी मंडईत, बसस्थानकावर वाटलं. हातात पडताच लोक ते घडी करून जपून खिशात ठेवत होते. मला भरून आलं. पत्रकाचे दिवस परत आले, असं मी आईला सांगितलंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर डोक्यावर पदर घेतलेली, हातात माझं पत्रक धरलेली एक मावशी उभी होती.

“बाई, ते कमरंचं मशीन इथंच भेटतं व्हय?”

“नाही मावशी. इथे मशीन मिळत नाही.”

“मंग छापलं कशाला? पत्ता तर तुमचाच हाय की.”

“मावशी, मधलं वाचलंत का?”

“मधलं बारीक हाय. नातवानं वरचं वाचलं, खालचं वाचलं. म्हनला, आजी, पावती बी देतेत, पळ.” तिनं आत डोकावून पाहिलं. “म्या पाचोडहून पहिल्या गाडीनं आले. गवार विकते. माझ्या दोन्ही अंगाला मशीनवाले बसायलेत. माझं कोणाला ऐकूच जाईना.”

मी तिला सगळं समजावून सांगेपर्यंत जिन्यात आणखी पावलं वाजली. दुपारपर्यंत आमची पुढची खोली भरली, मग गॅलरी भरली. चपला खालच्या मजल्यापर्यंत गेल्या. शिकवणी घेणारे एक सर पत्रकाला लाल पेनानं खुणा करूनच आले होते. “मॅडम, जाहिरात उत्तम आहे,” ते म्हणाले, “फक्त मजकूर जरा जास्त झालाय.”

“ती जाहिरात नाहीये, सर!”

“मग तर फारच उत्तम आहे.”

आईनं चहाचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आजवरच्या सगळ्या पत्रकांनी मिळून एवढी माणसं घरी आणली नव्हती. तुझं कौतुकच आहे.”

पप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं आणि समोर भरलेली खोली होती, म्हणजे त्यांच्यासाठी याहून मोठा छळ नव्हता. शेवटी त्यांनी टाळी वाजवली आणि कागद वर धरला. मावशीनं मला विचारलं, “काय लिव्हलं?” मी वाचलं, “बसा. चहा घ्या. आता आलाच आहात तर सभा घेऊ.”

पुढे पप्पा लिहीत गेले आणि मी वाचत गेले. मध्ये एकदा मी त्यांच्या वाक्याला माझी दोन वाक्यं जोडली, तर त्यांनी पेन टेबलावर आपटला. प्रश्न साधा होता. वरून पैसे देऊन मशीन घ्यायला कोण तयार आहे? काही हात वर आले. मावशी म्हणाली, “म्या दिले तर ही बाजूची बी देईल. मंग त्यो दुकानदार तिसरीला अजून वाढवून सांगंल. आपुनच आपला भाव चढवायलोत.” वर आलेले हात एकेक करून खाली आले. माझ्या पत्रकातला मधला सगळा बारीक मजकूर तिनं एका घोटात सांगून टाकला, आणि चहाचा दुसरा घोट घेतला.

ठरलं की सगळ्यांनी मिळून गुलमंडीत जायचं.

आमची फौज बघून दुकानदारानं आधी शटरकडे पाहिलं. “बेटा, कायकू इतने लोगां लाये? मैं तो मजाक कर रहा था.”

“हे सगळे छापील किमतीत, पावतीसह घ्यायला आलेत,” मी म्हणाले. भांडायची माझी पूर्ण तयारी होती.

पण तो भांडेना. त्यानं खुर्ची पुढे ओढली, मावशीला बसायला दिली आणि म्हणाला, “मेरी भी सुनो. सुटे पीस मागितले की एजन्सीवाला मलाच वरून लावतो, आणि मला पण बिल देत नाय. पूरा खोका घेतला तर बिलावर देतो. खोका उचलायची ताकद माझी नाय. उद्या फॅशन गेली तर मी काय कमरेला लावून फिरू?”

“खोक्यात किती येतात?” सरांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही खोक्यापेक्षा जास्तच होतो.

तिथल्या तिथे मागणी नोंदवली गेली. सगळ्यांनी थोडा विसार दिला आणि दुकानदारानं प्रत्येकाला त्या विसाराचीही पावती फाडून दिली. हात दुखेपर्यंत लिहीत होता बिचारा. लिहिता लिहिता म्हणाला, “ये पत्ता छापने की आदत किसकी है?” मी पप्पांकडे बोट दाखवलं. त्यानं पप्पांना सलाम केला.

पप्पांचं मौन संपल्यानंतरच्या पहिल्या पाचोडच्या बाजाराच्या आदल्या दिवशी खोका आला. सगळ्यांना पुरणार नव्हताच, दुसऱ्या खोक्याला आणखी दोन आठवडे होते. आधी कोणाला, यावर कुजबुज सुरू झाली. मी म्हणणार होते की ज्या घरच्या पत्रकामुळे हे झालं त्या घरी एक तरी यावं. पण पप्पांचा कागद आधीच वर होता. ‘ज्यांचं पोट आवाजावर चालतं त्यांना आधी. माझं चालत नाही.’

“आणि उद्या?” मी विचारलं. “उद्या काय करणार बाजारात?”

त्यांनी लिहिलं, ‘जाणार. हळू वाचून बघतो.’

“हळू? तुम्ही? दुसऱ्या ओळीला ओरडाल!”

आईनं डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पाचोडला उतरलो तेव्हा बाजार ऐन रंगात होता. चहूकडून मशीनं बोलत होती, कांदा, लसूण, चपला, मच्छरदाणी. कोणतंच मशीन दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. पप्पा नेहमीच्या जागी लिंबाखाली उभे राहिले. मौन संपल्यावरची त्यांची पहिली ओळ मला हातभर अंतरावरही ऐकू आली नाही. दुसऱ्या ओळीला त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला.

“ओ भाऊ! थांबा!” गवारीच्या ढिगामागून मावशी उठली आणि लोकांना बाजूला सारत आली. येता येताच तिनं कमरेच्या नव्या मशीनचा पट्टा सोडला होता. “दागदरानं काय सांगितलंय? त्या दिवशी तुमच्या मालकीनबाई समदं बोलल्या मला. हात वर करा.”

पप्पांनी गुपचूप हात वर केले. तिनं पट्टा बांधला, तार कानामागे अडकवली आणि बटण दाबलं. पप्पांच्या कमरेतून तिचाच आवाज गरजला, “गवार कवळी! गवार कवळी!” आसपासचे लोक हसले, माना वळल्या, आणि माना वळल्या तेव्हा तिनं दुसरं बटण दाबलं.

“मंडळी,” पप्पा म्हणाले. अगदी हळू, जेवताना माझ्याशी बोलतात तसं. आणि ते ‘मंडळी’ पार बैलांच्या साखळ्या विकणाऱ्यापर्यंत गेलं. आपला न ओरडलेला आवाज एवढ्या लांब गेलेला ऐकून ते स्वतःच थबकले. मग त्यांनी मान खाली घातली आणि वाचायला लागले. त्या आवाजात भांडण नव्हतं. मी जन्मापासून ऐकलेला मजकूर मला नवा वाटला. पप्पांचा एक जुना म्हातारा श्रोता ओरडला, “आज रागावले नाय का हो? पन समदं कळायलंय बरं का!”

मी पत्रकं वाटत होते. लोक हातातला कागद आणि कानावरचं वाक्य ताडून बघत होते. पहिला परिच्छेद संपला तशी मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

“झालं का भाऊ? माझी गवार सुकायली तिकडं.”

पप्पांनी पत्रकाची घडी घातली, पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि पुढच्या पाळीची वाट बघत लिंबाला टेकून बसले. मशीन गवारीच्या ढिगावर बोलायला लागलं. पुढचा परिच्छेद ऐकायचा म्हणून थांबलेले लोक, नुसतं कसं उभं राहायचं म्हणून, गवार निवडायला लागले.