ध्रुवाच्या चिखलाचा टिळा

मी ध्रुवावर कधीच गेले नव्हते. तरी साखर कारखान्याच्या दारात कापडी फलक होता, 'ध्रुव जिंकून आलेली तालुक्याची कन्या'. रंगवणाऱ्याचा हात कुठं अडखळलेला दिसत नव्हता.

माझ्याकडे होत्या फक्त दोन बरण्या. ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा चिखल, आमच्या सरांनी पत्रांवर पत्रं लिहून एका परदेशी जहाजाकडून मिळवलेला. एक बरणी हिमनदीच्या तोंडाजवळची, दुसरी तिथून लांबची. हिमनदी मागं हटते तसा तिच्या पाण्यातला गाळ तळावर बसत जातो. त्याखाली बारीक किडे तगतात की गुदमरतात, ते दोन्ही बरण्यांतले किडे मोजून कळणार होतं. एक गेली की दुसरी नुसता चिखल. गोव्याहून पुण्याला मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडे नेताना मी कराडला उतरले, कारण निवृत्त सुभेदार असलेले माझे वडील कारखान्याच्या चेअरमनला 'सत्काराला येतीय' म्हणून बसले होते.

या चेअरमननं कारखान्याची मळी कृष्णेत सोडून खालच्या गावांचे मासे मारले होते. कॉलेजात असताना त्यावर मी पत्रकं वाटली होती. तोच माणूस आता समुद्रातल्या जिवांवर पाऊण तास बोलला. मासा हा शब्द तेवढा तोंडातून निघाला नाही.

मग त्यानं लोकांना दाखवायला माझ्याकडून टेबलावर मांडून घेतलेल्या बरण्यांतली एक उघडली. आमच्याकडे घरटी एक फौजी. लांबच्या मुलखातली माती आली की कपाळाला लावायची रीत. त्यानं तीन बोटं बुडवून टिळा ओढला. लगेच संचालकांची रांग लागली.

"आवं, ते औषधातलं हाय! मेलेलं बेडूक ठेवत्यात त्यातलं!" मी ओरडले.

"गप गं पोरी," चेअरमन म्हणाला. "जिवंत माती हाय. कशी चुरचुरतीया बघ!"

"व्हय गड्या, लय कडक हाय," रांगेतून दाद आली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण फोटोवाला आल्याशिवाय एकानंही कपाळ पुसलं नाही.

बरणी हिसकावली तेव्हा तळाला चमचाभर उरला होता. बरणी हिमनदीजवळचीच.

रांगेत वडीलही होते. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि रुमाल माझ्यापुढं धरला.

"घे. ह्यातलं मोज."

मी त्यांच्यावरही ओरडले. किडे ठरल्या मापातल्या चिखलात मोजायचे असतात. कपाळावरून खरडलेल्याला माप कसलं?

प्रबंधात मी खरं तेच लिहिलं: पहिला नमुना सत्कारात संचालकांच्या कपाळी लागला. सरांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'प्रवासात सांडला'. मी भांडले. ते म्हणाले, असलं लिहिलंस तर परीक्षक हसतील.

हसू देत की. पण ओळ सरांचीच राहिली. माझ्या प्रबंधात खोटं वाक्य तेवढं एकच आहे. हिमनदीजवळच्या किड्यांचं काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. चेअरमनचा टिळ्यातला फोटो मात्र कारखान्याच्या कचेरीत लावलाय.