पेलिकनचे डोळे

आमच्या वेलचेरीच्या सोसायटीतला लाकडी पेलिकन तुम्ही पाहिला नसेल, तर चेन्नईला येऊन तुम्ही नुसती इडली खाल्लीत. विमानं त्याला वळसा घालून उतरतात. चोच एवढी, की तिच्यात शेअर ऑटो उभी राहील आणि तिथेही ड्रायव्हर दोन माणसं जास्त कोंबेल. माप घ्यायला मात्र जाऊ नका. मीही गेलेलो नाही.

चक्रीवादळात गेटजवळचं मोठं झाड आडवं झालं. सोसायटी ते सरपणाला देणार होती, पण माझी बायको बुंध्यावर जाऊन बसली. "ह्याचा पेलिकन करायचा." पल्लीकरणैच्या पाणथळीतले पेलिकन तिचे माहेरचे असावेत, इतकी ती त्यांची बाजू घ्यायची. तिचं खरं माहेर तंजावरकडच्या मराठी घरातलं, वडील निवृत्त चित्रकला शिक्षक, आता चेन्नईतच राहणारे. मी सांगलीचा, सिरुसेरीत कॉम्प्युटरपुढे बसणारा. पटाशी कुठल्या टोकाला धरतात, हे बापलेकीने मला शिकवलं.

क्रेनने बुंधा उभा केला आणि दर रविवारी आम्ही तिघं त्याला भिडलो. पिसं अर्धी कोरून झाली होती. तिला ताप आला, हॉस्पिटलात नेली, आठवड्यात ती गेली. यात मला काही वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न केला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मामा, म्हणजे माझे सासरे, हत्यारांची पिशवी घेऊन खाली हजर. जावयाला ते तमिळ पद्धतीने माप्ळे म्हणतात.

"चला माप्ळे, पिसं राहिलीत."

पिसं झाली, पाय झाले, गळ्याची पिशवी झाली. राहिले डोळे. मामांच्या घरचा नियम असा, की मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे आणि त्यानंतर तिला हत्यार लावायचं नाही. देवाचा नियम त्यांनी पक्ष्यालाही लावला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला हे झेपायचं नाही. डोळे उघडले की लेकीचं काम संपलं. म्हणून मी आघाडी सांभाळली.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पोंगलला उद्घाटन हवं होतं. मी सांगितलं, तंजावरचे ज्योतिषी मुहूर्त काढता काढता आजारी पडलेत. पोंगल टळला. मग सांगितलं, डोळ्यांची खास पटाशी ब्रह्मदेशाहून बोटीने यायचीय.

"बोट कुठवर आली, सर?"

"अंदमानला. कप्तानाच्या मेहुणीचं लग्न आहे."

"आली की कळवा. परत जाताना मीच बसतो तिच्यात, राजीनामा देऊन."

मामांना थोपवणं त्याहून सोपं. रविवारी आले की विचारायचे, "आज?" मी पक्ष्याच्या पोटावर हात फिरवायचो. "मामा, इथं जरा खरबरीत लागतंय." तेही हात फिरवायचे, पॉलिश पेपर काढायचे आणि आम्ही दुपारपर्यंत घासत बसायचो. पाठ एवढी गुळगुळीत झाली, की कावळे बसले की घसरून पलीकडच्या सोसायटीत पडायचे. म्हाताऱ्याला सांभाळतोय, या समाधानात मी जेवायचो.

मग एका गुरुवारी ऑफिसातून आलो, गेटातून आत शिरलो आणि पेलिकन माझ्याकडे बघत होता.

मामा खाली बसून लाकडाचा भुगा रुमालात भरत होते.

"मला न विचारता, मामा?"

"तुम्हाला विचारलं असतं तर अजून घासावं लागलं असतं. पोटाला भोक पडायचं राहिलंय, माप्ळे."

"तुम्हाला जड जाईल म्हणून मी..."

"मज ठाऊक आहे." ते माझ्याकडे न बघता रुमालाला गाठ मारत होते. "मी केव्हाच तयार होतो. तुम्ही नव्हता. म्हणून थांबलो."

"पंखाखाली थोडं राहिलंय," मी म्हणालो.

"नाही राहिलं. अस्कं झालं. वर चला, जेवून घ्या."

अस्कं म्हणजे त्यांच्या मराठीत सगळं.

रविवारी सकाळी मी सवयीने खाली उतरलो. सोसायटीतली मुलं पेलिकनच्या पाठीवरून घसरत होती. मामा आले नव्हते. कशाला येतील? काम नव्हतं. मी तिथेच बसून राहिलो, ऊन अंगावर येईपर्यंत.