चुन्यावरचं पाणी

बडोद्यात आमच्या घरासमोर संस्थानी काळातला एक ओसाड बंगला आहे. सरकारी साहेब लोकांनी त्याची दुरुस्ती काढली आणि अर्ध्यावर सोडली. एक म्हातारा गवंडी मात्र रोज येऊन भिजवलेल्या चुन्याच्या हौदात पाणी घालायचा.

"मिस्त्री, काम तर बंद आहे ना?" मी विचारलं.

"बेन, फाइल पडून राहिली तर चालते. चुना सुकला की मेला," चुना बोटांनी चाचपत तो म्हणाला.

परवा बंगल्याच्या चौकीदारानं त्याला फाटकावरच अडवलं. म्हणे, परवानगी नाही. माझं डोकंच फिरलं. बंगला सडवायला परवानगी लागली नाही, आणि पाणी घालायला लागते?

"मग घे बादली, तू घाल," मी चौकीदाराला सुनावलं.

त्यानं बादली उचलली. गवंडी त्याला हळूच समजावू लागला, "चुन्यावर चार बोटं पाणी राहू दे, भाई."